पावलाचा उभा फोटो

"साफ आहे की फोटो! साफ आहे! मग लिहा ना साफ म्हणून!"

कोच ओरडत होता. माझ्या रिपोर्टिंगच्या अंधाऱ्या खोलीत, माझ्याच खुर्चीच्या पाठीवर मूठ आपटत ओरडत होता. आवाज असा, की देवनहळ्ळीच्या द्राक्षबागांतली पाखरं उडाली असतील, आणि देवनहळ्ळी तिथून बसने तासाभराच्या पुढे. मला आवाजाचं भय नाही. आमच्या घरी ताटात मीठ मागितलं तरी शेजारची गल्ली जागी व्हायची. म्हणून मीही तितक्याच जोरात ओरडले, "साफ आहे म्हणूनच लिहीत नाही!"

त्याची मूठ हवेतच राहिली. बाई वेडी आहे अशी त्याची खात्री पटली असावी.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, बंगलोरमधली. मी तिथल्या एका लहानशा हॉस्पिटलात एक्सरे बघायची. मूळची बेळगावकडची, त्यामुळे बंगलोरात कुणाही मराठी माणसाला काहीही झालं की पहिला पत्ता माझा. पित्ताचे खडे घेऊन येत, मुलींच्या पत्रिका घेऊन येत. एकाने तर म्हशीचा पाय दाखवायला आणला होता. पाय म्हणजे नुसता पाय नव्हे, वरती अख्खी म्हैस होती, आणि वॉचमनने तिला कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत येऊ दिलं होतं. कुणी विश्वास ठेवत नाही. नका ठेवू. पण आता जे सांगतेय त्यात म्हैस नाही.

त्या दिवशी दुपारी तिघं आली होती. एक कबड्डीपटू मुलगी, तिचे वडील आणि हा कोच. वडील चिकपेटच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला, तीन पिढ्या बंगलोरचे, मराठीत निम्मं कन्नड मिसळून बोलणारे. कोच निपाणीकडचा. मुलगी चढाईतली. तिच्याविषयी कोचने जे सांगितलं ते मी अजिबात न वाढवता सांगते. ती मध्यरेषा ओलांडून आत शिरली, की समोरच्या सातही जणींना आपापल्या आया आठवत.

दोन दिवसांपूर्वी सरावात एका मुलीने मागून तिचा डावा घोटा धरला. हिची बोटं मातीत रुतलेली, टाच वर, पाऊल उभं, आणि त्या उभ्या पावलावरून सगळं अंग गरकन फिरलं. आत काहीतरी 'कट्' म्हणालं. ते तिलाच ऐकू आलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी होती. खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी, महिला कबड्डीसाठी एकच जागा. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. ती लंगडते असं कुणीतरी निवडसमितीच्या कानात फुंकलं होतं, म्हणून त्यांनी फोटो आणि डॉक्टरचा रिपोर्ट मागितला होता. रिपोर्ट साफ असला तर ती मैदानात. नसला तर घरी.

येताना त्यांनी एक फोटो बरोबर आणला होता, कुठल्याशा दवाखान्यात काढलेला. तो घोट्याचा. खेळाडू पडला की सगळे म्हणतात घोटा मुरगळला, आणि सगळे म्हणतात म्हणून फोटोही घोट्याचाच निघतो. आग पुढच्या गल्लीत लागलेली आणि आपण मागच्या गल्लीचा फोटो काढून म्हणायचं, बघा, कुठे धूर आहे? मुलीने बोट ठेवून दाखवलं ते घोट्याच्या बरंच खाली, पावलाच्या वरच्या फुगवट्यावर, अंगठ्याची आणि त्याच्या शेजारच्या बोटाची लांब हाडं जिथून सुरू होतात तिथे. मग मी पावलाचा फोटो काढायला सांगितला. रिवाजाप्रमाणे टेबलावर झोपवून. तोच आता माझ्यासमोर प्रकाशपेटीवर लटकत होता, आणि कोच त्याच्याकडे बोट दाखवून ओरडत होता.

हाडं खरंच साफ होती. पण पावलाभोवती आकाशातल्या चांदण्यांसारखे पांढरे ठिपके पडले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"लेप," वडील म्हणाले. "आमच्या ओळखीचा एक हाड बसवणारा आहे अक्का. त्याने घातला. अंडं, चुना, अजून काय काय. तीन दिवस पाणी लावायचं नाही म्हटलंय."

ते लेप म्हणत होते, पण मी त्या दर्जाच्या गिलाव्याची घरं बघितली आहेत. काळपट हिरवा, वाळून तडकलेला, बोटांच्या मुळापासून टाचेपर्यंत आणि खाली तळव्यालाही. इतका वेळ ती चप्पल न घालता बसली होती आणि तिच्या पावलाची कातडी कुणाला दिसलीच नव्हती.

"धुवा," मी म्हणाले.

"स्वल्प थांबा अक्का..."

"काय बाई तुम्ही!" कोच पुन्हा चढला. "उद्या सकाळी ट्रायल हाय पोरीची. आज लेप काढला तर सूज येणार!"

"सूज लेपाने थांबते होय? मग मी पोटाला लावून बघते."

मुलगी फिक्कन हसली आणि लगेच गंभीर झाली. मी वॉर्डातून कोमट पाणी मागवलं. एक्सरेच्या खोलीत, टेबलाच्या कडेला बसवून, वडिलांनी स्वतःच्या हाताने लेकीचा पाय धुतला. खूप वेळ लागला. गिलावा सुटत गेला, बादली काळी होत गेली. वर सूज होती, ती अपेक्षित होतीच. मग मी खाली वाकून तळवा बघितला.

तळव्याच्या मधोमध, कमानीत, पिकल्या जांभळासारखा डाग होता.

पायाच्या वरच्या बाजूला कुणालाही निळं होतं, कपाटाला बोट आपटलं तरी होतं. तळव्याची कातडी म्हणजे जोड्याचं चामडं. तिच्यातून रक्त दिसायचं तर आत खोलवर काहीतरी फाटलेलं असायला लागतं. असल्या डागाविषयी मी शिकले होते, पण तोवर एकदाच बघितला होता, आणि तोही स्कूटरवरून पडलेल्या एका माणसाच्या पायावर. तो माणूस पुढे आयुष्यभर काठी घेऊन चालला. मी हे त्या वेळी कुणाला बोलले नाही. माझं तोंड बंद राहिल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातला हा एक.

"उभं करून फोटो काढायचा," मी म्हणाले.

आमचा टेक्निशियन, चांगला मध्यमवयीन माणूस, माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, छातीचा उभं करून काढतात. पावलाचा?"

"पावलाचाच. माणूस उभा कशावर राहतो?"

कोचला समजावणं भाग होतं, नाहीतर त्याने मुलीला उचलून नेलं असतं. मी म्हणाले, "सर, लाकडाची मोळी जमिनीवर पडलीय. दोर आतून तुटलाय. लांबून काय दिसेल? मोळीच. ती डोक्यावर घेतलीत की कळेल. झोपवून काढलेला फोटो म्हणजे जमिनीवरची मोळी. दोर, म्हणजे हाडं बांधणारा अस्थिबंध, मला दिसत नाही, लाकडं सरकलेली दिसतात. आणि ती भार आल्याशिवाय सरकत नाहीत."

"आणि दोर शाबूत असला तर?"

"तर आत्ता साफ लिहून देते."

वडिलांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. "अक्का, ते नवीन मशीन आहे ना, बोगद्यासारखं? त्यात घाला हिला. आमच्या साडूला घातलं होतं, सगळं दिसलं."

त्या काळात एमआरआयची गावात एवढी कीर्ती होती, की त्यात घातलं की मागच्या जन्मीचं पापही दिसतं असं लोक समजत. मी त्यांना सांगितलं, की त्याची पाळी पुढच्या आठवड्यात लागेल आणि चाचणी उद्या आहे. शिवाय गावातली ती मशीनं तेव्हा मेंदू, मणके आणि गुडघे बघायला सरावलेली. पावलातला एवढासा दोर त्यांच्या चित्रात छातीठोकपणे ओळखणारं कुणी मला माहीत नव्हतं, मीसुद्धा नाही. सीटी आमच्याकडे होतं, पण तेही झोपवूनच. हाडाचा चुरा दाखवील, सरकणं दाखवीलच असं नाही. जगातला सगळ्यात जुना फोटो इथे सगळ्यात कामाचा होता, फक्त त्याच्यावर उभं राहणारं माणूस हवं होतं.

"सरी, चालेल," वडील म्हणाले.

आमचं एक्सरेचं नळकांडं जमिनीपर्यंत खाली येत नसे. म्हणून रुग्णांना टेबलावर चढायच्या दोन लाकडी पायऱ्या शेजारीशेजारी ठेवून मचाण केलं. पहिला फोटो वरून, दोन्ही पावलं एकाच प्लेटवर. मग दोन्ही पायांचे बाजूने एकेक, प्लेट पावलांच्या मध्ये उभी खुपसून. मुलीने सलाइनचा स्टँड धरला आणि चढली. कोचने श्वास रोखला, वडिलांनी डोळे मिटले. टेक्निशियन लाकडी पडद्यामागून "हलू नका" म्हणाला. ती हलली नाही. तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

फिल्म धुऊन आल्या, ओल्याच, चिमट्याला लटकून पाणी गाळत. मी वरून काढलेली पेटीवर लावली. दोन्ही पावलं शेजारीशेजारी, एकमेकांची आरशातली रूपं. उजवीकडे अंगठ्याच्या आणि शेजारच्या हाडाच्या मुळांमध्ये जेवढी जागा, तेवढीच डावीकडे.

"बघा!" कोचने टाळी वाजवली. "बघा बाई! मोळी हाय का न्हाई शाबूत?"

खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. उगाच त्या डागाने घाबरवलं म्हणाले. पेनचं टोपण काढलं. कागदावर 'डावे पाऊल, उभ्याने' एवढं लिहूनही झालं. कोच माझ्या खांद्यावरून वाचत होता, त्याचा श्वास मानेवर लागत होता. मग सवयीने, नुसतं मिटवायचं म्हणून, बाजूने काढलेल्या दोन फिल्म लावल्या.

पेन खाली ठेवलं.

माणूस उभा राहिला की टाचेखालचं मांस चेपतं. उजव्या पायाच्या फिल्ममध्ये टाचेच्या हाडाखाली ते चेपून चपातीएवढं पातळ झालं होतं. डाव्या पायाखाली मात्र वाफेतून आत्ताच काढलेली इडली होती. गोल, फुगलेली, कुणी बोटही न लावलेली. त्या पायावर माणूस उभाच नव्हता. नुसता पाय टेकवला होता.

मी दारातून एक्सरेच्या खोलीत बघितलं. ती पायरीवर बसून माझ्याकडेच बघत होती. मान खाली, डोळे वर, न हलणारे. चढाईत समोरची कुठून धरणार हे जोखताना बघतात तसे. हिने सगळं अंग उजव्यावर पेललं होतं, वर तोंडावर सुरकुती पडू दिली नव्हती, आणि एक सोडून तीन फोटोंत. मी कबड्डीच्या निवडसमितीत असते तर तिथल्या तिथे घेतली असती.

"दोघंही बाहेर जा," मी पुरुषांना सांगितलं.

"आता काय झालं?" कोच.

"बाहेर!"

"बाई, तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरीकडं लिहून देतील. रस्त्याच्या पलीकडं पाटी हाय."

"देतील. झोपवून काढतील आणि साफ लिहून देतील. आता बाहेर जा."

कोच गेला, पण दार आपटून. दाराची काच आठवडाभर थरथरत होती. मी शिशाचा जड एप्रन तसाच अंगावर ठेवून तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"डाव्या टाचेखाली इडली कशी गं फुगली?"

मी तिला दोन्ही फिल्म उजेडासमोर धरून दाखवल्या. तिने नीट बघितल्या. खेळाडूंचं हे एक असतं, पकडलं गेलं की हुज्जत घालत नाहीत.

"अक्का, लिहून टाका ना," ती म्हणाली. "पाय माझा आहे."

"तुझाच आहे."

"एक सकाळ खेळायचंय. नोकरी लागली की मग काय करायचं ते करा. कापा हवं तर."

"काय होऊ शकतं ते सांगू?"

"वाढवून नका सांगू."

माझी ख्याती चिकपेटपर्यंत पोचली होती तर. मी वाढवून सांगितलं नाही. दोर खरंच तुटला असेल आणि त्यावर तिने उद्या उड्या मारल्या, तर हाडं जागा सोडतील. आज बसवता येतात तशी मग बसणार नाहीत. कमान खचेल. कबड्डी जाईलच, पण तिशीत घराचा जिना चढताना कठड्याला धरावं लागेल. माझा आवाज इतका खाली गेला होता, की पडद्यामागचा टेक्निशियन कान देऊन पुढे सरकल्याचं मला ऐकू आलं.

"आणि तुटलाच नसेल तर?"

"तर नुसता मुरगळलाय. साफ लिहीन, आणि उद्या ग्राउंडवर येऊन तुझ्यासाठी असं ओरडेन की तुझे सर चिडीचूप होतील."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? तळव्यावरचा डाग म्हणतो तुटलाय. तुझे फोटो काहीच म्हणत नाहीत, कारण तू त्यांच्यावर उभीच राहिली नाहीस."

ती आपल्या पावलाकडे बघत बसली. बाहेर कोच कुणालातरी, बहुधा वडिलांना, चाचणीच्या मैदानाची माती किती मऊ आहे ते सांगत होता. दाराआडून प्रत्येक शब्द ऐकू येत होता. किती निकाल लागले असतील त्या जागेचे तिच्या डोक्यात. मला तिला धरून उभं करता आलं असतं, पण धरून उभं केलेल्याचा फोटो पुन्हा इडलीचाच आला असता. तिने जायचं म्हटलं असतं तर मी अडवलं नसतं, अडवता आलंही नसतं.

मग ती उठली. सलाइनचा स्टँड धरून पायरी चढली. टेक्निशियनने प्लेट सरकवली, दोन्ही पावलं तिच्यावर नीट बसवली. मी तिच्या बाजूला उभी राहिले, हात लावला नाही.

"तयार?" टेक्निशियनने विचारलं.

तिने स्टँड सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग तिने उजवी टाच उचलली. मग उजवं पाऊल उचललं, प्लेटपासून वीतभर वर.

तिच्या नाकातून निघालेला तो श्वास मला अजून ऐकू येतो. गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. मी हात पुढे केला, तिने मानेनेच नको म्हटलं.

"काढ ना रे!" मी किंचाळले, आणि मशीनचा खटका पडला.

त्या एका फिल्मसाठी आम्ही जेवढी वाट बघितली तेवढ्यात बंगलोरमध्ये दोन मंत्रिमंडळं बदलली असतील. मी फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशीच उभी होते. फिल्म आली. पेटीवर लावायला धीर नव्हता, तशीच ट्यूबलाइटकडे धरली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

दोन हाडांच्या मुळांमध्ये फट होती. मघाच्या फोटोत नव्हती. आता नखाचं टोक सहज शिरेल एवढी, आणि फटीत तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा. तुटताना दोराने स्वतःबरोबर ओढून आणलेला. शेजारच्या बोटाचं हाड आपल्या खालच्या हाडावरून किंचित बाहेर सरकलं होतं. मघाच्याच फोटोतला उजवा पाय शेजारी धरला. त्यात सगळी हाडं ओळीत.

मी कोचला आत बोलावलं आणि बोटाने जागा दाखवली. तो पुढे झाला, फिल्मवर नाक टेकेल इतका. आपलं बोट त्या फटीवर ठेवलं, ओली फिल्म बोटाला चिकटली. माझ्याकडे वळून बघितलं ते ओरडण्यासाठी, असं मला वाटलं. मी छाती भरून घेतली होती.

"किती महिने?" त्याने विचारलं. एवढ्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं.

मी सांगितलं, की आधी स्क्रू घालून हाडं जागेवर आणायची, मग प्लास्टर, मग टेकायला शिकायचं. मातीवर उतरायला वर्ष लागेल, जास्तही लागेल. वडील दारात उभे होते, ओला रुमाल हातात पिळत. कोच खाली जाऊन फोनच्या बूथवरून समितीला विचारून आला. तारीख पुढे जाणार नव्हती. तो आला तो मुलीच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि तिची चप्पल उचलून काखेत धरली.

हाडाचे सर्जन संध्याकाळी यायचे होते. तोवर टेक्निशियनने तिच्या पायाखाली उशी दिली होती. मी चहा घेऊन तिच्याजवळ गेले. त्या जागेवर उद्या दुसरी कुणी निवडली जाणार हे दोघींनाही माहीत होतं. मी डोक्यात घोळत होतं ते विचारलं.

"दोन्ही पायांवर सारखी उभी राहिली असतीस तरी चाललं असतं. उजवा कशाला उचललास? मी तर सांगितलंही नव्हतं."

तिने चहा फुंकला.

"उद्या त्याच पायावर उडी मारायची होती की. म्हटलं, आधी उभं राहून बघू."